ओकचे पट्टे, गवत आणि आपली झाडमोजणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी झाडांच्या विरोधात नाही. सांगावं लागतं, कारण "इथे झाडं नका लावू" एवढं वाक्य कुठल्याही मराठी ग्रुपवर टाकलं की पुढचे दोन दिवस लोक आपल्याला ऑक्सिजन समजावत बसतात, कोणीतरी तुकोबांचा अभंग पाठवतं, आणि एखादे काका थेट विचारतात की मग तुला वाळवंट हवंय का. नकोय हो. माझं म्हणणं एवढंच की किती झाडं लावली या आकड्यावरून जमीन सुधारली की बिघडली हे कळत नाही, कधीकधी तर आकडा वाढला की जमीन बिघडलेली असते, आणि हे समजून घ्यायला टेक्सास-ओक्लाहोमातल्या ओकच्या पट्ट्यांइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

डॅलसच्या उत्तरेला हायवे ३८० वरून प्रॉस्परहून पश्चिमेला डिकेटरपर्यंत गेलात तर तासा-सव्वातासात जमीन तीन वेळा बदलते. गाडीतून कळत नाही कारण आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच कॉफी, तेच टायरवाले, त्याच बँका. पण नीट बघा. प्रॉस्पर-फ्रिस्कोकडे काळी चिकण जमीन, मूळची सगळी गवताची, तिला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. तलाव ओलांडून ओक पॉइंट, क्रॉस रोड्सच्या बाजूला आलं की एकदम बुटकी, वाकड्या फांद्यांची, खरखरीत सालीची ओकची झाडं लागतात आणि खालची माती वाळूची, तांबूस. डेंटन मागे टाकून क्रमकडे गेलं की परत सगळं उघडं, गहू आणि गवत, खाली चुनखडी, ही ग्रँड प्रेअरी. आणि डिकेटरच्या पलीकडे पुन्हा ओक. म्हणजे गवत, ओक, गवत, ओक. या ओकच्या पट्ट्यांना क्रॉस टिंबर्स म्हणतात, कॅन्ससच्या आग्नेय कोपऱ्यापासून ओक्लाहोमातून थेट मध्य टेक्सासपर्यंत हे पट्टे उतरतात, टेक्सासात त्यांचे दोन फाटे होतात, पूर्वेचा अरुंद आणि पश्चिमेचा चांगला रुंद. झाडं मुख्यतः दोन जातींची, पोस्ट ओक आणि ब्लॅकजॅक ओक.

आता मोकळ्या गवतात मध्येच झाडांचा पट्टा का? कारण पावसात नाही, या पन्नास-साठ मैलांत पाऊस काही इतका बदलत नाही. कारण जमिनीखाली आहे. पूर्वेच्या पट्ट्याखाली वूडबाइन नावाचा वालुकाश्म आहे, डायनासोरांच्या काळातला, त्याची झीज होऊन जी माती झाली ती सैल आणि वाळूची. पाऊस पडला की पाणी झिरपून खोल जातं, गवताच्या हाती फार लागत नाही, ओकची मुळं मात्र तिथपर्यंत पोचतात. शेजारच्या काळ्या मातीत बरोबर उलटं, ती पाणी वरच्या थरातच धरून ठेवते, गवताच्या दाट मुळ्या ते आधी पिऊन टाकतात, आणि उन्हाळ्यात माती आकसून अशा भेगा पडतात की कोवळ्या रोपाची मुळं तुटतात. ज्यांनी डॅलसकडे घर घेतलंय त्यांना हे वेगळं शिकवायला नको, ऑगस्टमध्ये घराच्या फाउंडेशनभोवती पाइप टाकून पाणी सोडावं लागतं नाहीतर भिंतीला चीर पडते, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना "बागेला नाही, घराला पाणी घालतोय" हे समजावता समजावता पुरेवाट होते. ही माती आणि आपली सोलापूर-परभणीची कापसाची काळी माती एकाच गटातली, शास्त्रात दोघींना व्हर्टिसोल म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला इथे आणून उभं केलं तर भेगा बघूनच तो ओळखेल.

माती हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं आग.

जोसाया ग्रेग नावाचा व्यापारी सांता फेच्या वाटेवरून अनेकदा गेला, १८४४ साली त्याने या पट्ट्याची रुंदी पाच ते तीस मैल लिहिली आणि हेही लिहिलं की गवताला लागणाऱ्या आगी झाडांना मोठं होऊ देत नाहीत. आगी विजेने लागायच्या आणि माणसंही लावायची, विचिटा, ओसेज, कोमांची हे सगळे इथले मूळचे लोक गवत पेटवत, कोवळा चारा फुटला की बायसन तिकडे येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. ओकची साल जाड, वरचं जळालं तरी बुडातून परत फुटतो. म्हणून वाळूवर तो टिकायचा, आणि काळ्या मातीवर पाय टाकायला गेला की दोन-चार वर्षांत एखादी आग त्याला मागे ढकलायची. ही सीमा कुंपणासारखी कधीच नव्हती, ओल्या वर्षांत ओक पुढे, कोरड्या वर्षांत गवत पुढे, असं शेकडो वर्षं चाललेलं. आणि मधल्या भागात ना धड जंगल ना धड माळ, ओकखाली कमरेएवढं गवत. मला विचाराल तर या सगळ्यातली खरी श्रीमंत जागा तीच.

पट्ट्याच्या आत मात्र काही ठिकाणी भयंकर दाटी असणार, कारण वॉशिंग्टन आयर्विंग हा लेखक १८३२ मध्ये घोड्यावरून इथून गेला तेव्हा त्याने याला ओतीव लोखंडाचं जंगल म्हटलं, इतक्या त्या वाळलेल्या कडक फांद्या अंगाला लागत होत्या. नंतर आलेल्या वसाहतवाल्यांना पट्टा आवडला तो कडेकडेने, घराला आणि कुंपणाला लाकूड झाडीतलं, गुरांना गवत माळावरचं. पण सॉ-मिलला हे ओक काही कामाचे नव्हते, बुटके, पिळलेले, गाठींचे, सरळ फळी निघायची नाही. त्यामुळे गंमत अशी झाली की पूर्व अमेरिकेतली मोठाली देखणी जंगलं साफ झाली आणि हे कुरूप जंगल जागोजागी तसंच उभं राहिलं. आर्कान्सा विद्यापीठातले डेव्हिड स्टाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडांची वर्तुळं मोजली, तर दिसायला किरकोळ वाटणारे पोस्ट ओक दोनशे, तीनशे, काही तर चारशे वर्षांचे निघाले. टल्साजवळ सँड स्प्रिंग्जला कीस्टोन एन्शंट फॉरेस्ट म्हणून जागा राखलीये, तिथे तीनशे वर्षांचे ओक आहेत आणि खडकाच्या कपारीत पाचशे वर्षांचे सीडरसुद्धा. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी रुजलेलं झाड, आणि उंची बघाल तर गावातल्या कडुलिंबाएवढीही नाही.

त्या सीडरचं नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

ईस्टर्न रेडसीडर हा सदाहरित वृक्ष इथलाच, बाहेरून आलेला नाही. पण त्याची एक कमजोरी होती, ओकसारखा तो जळाल्यावर बुडातून फुटत नाही. लहानपणी आग लागली की खलास. म्हणून जुन्या काळी तो फक्त आग पोचणार नाही अशा कपारीत, नदीच्या कड्यावर टिकायचा. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वस्ती झाली, कुंपणं आली, रस्ते आले, मूळच्या लोकांना तर त्याआधीच हुसकावलेलं होतं, आणि आग ही फक्त विझवायची गोष्ट झाली. पक्षी सीडरची फळं खातात आणि कुंपणाच्या तारेवर बसून बिया टाकतात, रांगच्या रांग उगवते. ओक्लाहोमातले सरकारी अंदाज बघा, १९८५ ला साधारण ३५ लाख एकरांवर सीडर, १९९४ ला ६० लाख एकर. ते जुने ओकचे पट्टेही आतून सीडरने भरत चाललेत, खाली ऊन पोचत नाही, गवत जातं, ओकची नवी रोपं येत नाहीत. वरून हेलिकॉप्टरमधून बघितलं तर कसं छान हिरवंगार! झाडांची मोजणी केली तर उत्कृष्ट प्रगती!

आणि हे नुसतं आपोआप झालं असंही नाही, आपण लावलंसुद्धा. डस्ट बोलची, म्हणजे तीसच्या दशकातल्या दुष्काळी वादळांची, धूळ उडत होती तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३४ मध्ये शेल्टरबेल्ट योजना काढली, नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत शेतांच्या कडेने झाडांचे पट्टे लावायचे म्हणजे वारा अडेल. पहिलं झाड १९३५ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमातच लागलं, १९४२ पर्यंत जवळजवळ २२ कोटी झाडं लावली, पट्ट्यांची एकूण लांबी तीस हजार किलोमीटरच्या आसपास. मी या योजनेची टर उडवणार नाही, लोक उपाशी होते, त्यांना रोजगार मिळाला, आणि शेताच्या कडेला वारा खरंच अडतो. पण निदान बघा ना. धूळ का उडाली, तर हजारो वर्षांचं गवत नांगरून काढलं म्हणून. आणि उपाय काय, तर झाडं. गवत परत आणा असं म्हणणारे होते, सरकारने थोडी जमीन विकत घेऊन तिथे गवत धरायला सुरुवातही केली, डिकेटरजवळचं एलबीजे नॅशनल ग्रासलँड त्यातलंच, वीस हजार एकर, पण फोटो आणि भाषणं झाडांच्या वाट्याला आली. वारा अडवायला शेताकडेला लावलेल्या झाडांत रेडसीडर लाडका होता, कारण तो कशालाच मरत नाही. तिथून बिया पसरल्या. आर्बर डे म्हणजे झाडं लावायचा दिवस, हाही १८७२ साली निघाला तो नेब्रास्कात, म्हणजे अमेरिकेतल्या अस्सल गवताच्या राज्यात. झाडं असलेल्या मुलखातून आलेल्या माणसांना मोकळी जमीन बघवेना, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

म्हणून कोणी म्हणेल की मग तू गवतवाला, ओक पाडायला निघालास. अजिबात नाही, तोही प्रयोग करून झालाय. दुसऱ्या महायुद्धानंतर रँचवाल्यांना आणि त्यांच्या सल्लागारांना ओक म्हणजे झुडूप वाटायला लागलं, चाऱ्याची जागा खातं म्हणून विमानातून तणनाशक फवारून एकरच्या एकर ओक मारले, त्यात २,४,५-टी पण होतं, व्हिएतनाममध्ये वापरलेल्या एजंट ऑरेंजमधलं निम्मं रसायन तेच. वाळूवरचा ओक मारून तिथे गवत लावणं आणि काळ्या मातीवरचं गवत मारून तिथे झाड लावणं, या दोन्ही चुका सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हीकडे कोणीतरी एकच आकडा धरून बसलेलं असतं, एकाचा चाऱ्याचे टन, दुसऱ्याची झाडांची संख्या.

आता शहराकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे आणि मतदान पण तिथेच करता येतं.

डॅलस-फोर्ट वर्थच्या आसपासच्या बऱ्याच गावांत झाड तोडण्यावर नियम आहेत. बिल्डरने अमुक जाडीचा ओक तोडला तर तेवढ्या इंचांची नवी झाडं लावायची किंवा पैसे भरायचे. ऐकायला छान. मग होतं काय, तीनशे वर्षांचा पोस्ट ओक जातो आणि त्या बदल्यात नर्सरीतले पाच-सहा लाइव्ह ओक (ओकचीच दुसरी जात) बांबूला बांधून उभे राहतात, इंच टु इंच हिशोब बरोबर. पोस्ट ओक नर्सरीत जवळजवळ मिळतच नाही, तो इतका हळू वाढतो आणि कुंडीतून हलवलेलं त्याला इतकं सोसत नाही की कोणी धंद्यासाठी करत नाही. त्यातही जो बिल्डर प्रामाणिकपणे जुना ओक राखतो त्याचाही ओक मरतो, कारण ट्रक फिरून मुळांवरची माती दबते, मग घर झालं की भोवती लॉन येतं, लॉनला आठवड्यातून दोनदा स्प्रिंकलर, आणि वाळूत कोरडं राहायची सवय असलेलं झाड दोन-चार वर्षांत वाळून जातं. घरमालक म्हणतो आम्ही तर नेमाने पाणी घालत होतो! २०१७ ला टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला की झाड तोडल्याच्या दंडातून बिल्डरला नवीन झाडं लावून सूट मिळवता येईल, म्हणजे हा इंचांचा व्यवहार आता कायद्याने अजून सोपा झालाय.

आणि गवत? गवताला काहीच नाही. शून्य. ब्लॅकलँड प्रेअरी मूळच्या एक टक्क्यापेक्षा कमी उरलीये, आणि जो तुकडा कधीच नांगरला गेला नाही, ज्यात शेकडो जातींची गवतं-फुलं आहेत, तो बुलडोझरने एका सकाळी साफ केला तर कुठल्याही गावात त्याची पावतीसुद्धा फाटत नाही. "व्हेकंट लॉट" होता ना तो. फ्लॉवर माउंड या गावाचं नाव ज्या फुलांच्या टेकाडावरून पडलं ते गवताचं टेकाड उरलंय साडेबारा एकर, चारी बाजूंनी रस्ते आणि दुकानं. लोक गाडीतून जाताना विचारतात ही एवढी महागाची जागा रिकामी का ठेवलीये.

जुन्या गवताबद्दल एक गोष्ट लोकांना पटतच नाही, की ते परत लावता येत नाही. झाड जुनं असतं हे डोळ्याला दिसतं, गवत आपल्याला यंदाचंच वाटतं. टेक्सास ए अँड एममधले जोसेफ वेल्डमन गेली काही वर्षं हेच सांगतायत की जसं प्राचीन जंगल असतं तसंच प्राचीन गवताळ रानही असतं. त्यांच्यासोबत तिथे काम केलेला आपला मराठी संशोधक आशिष नेर्लेकर, या दोघांचा २०२० चा अभ्यास आहे, जगभरातल्या नांगरून किंवा लागवड करून मोडलेल्या गवताळ जमिनी त्यांनी तपासल्या, तर मूळच्याइतक्या जाती परत यायला कमीत कमी शंभर वर्षं आणि बहुतेक वेळा हजारो वर्षं लागतील असा हिशोब निघाला. म्हणजे डेंटन काउंटीत ज्या सकाळी तो तुकडा साफ झाला तो आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही परत दिसणार नाही. कुठलं मिटिगेशन, म्हणजे नुकसानभरपाई, लावणार याला, किती इंच?

इथून पुण्याचा धागा आपसूक जोडला जातो. याच नेर्लेकरांनी पुण्याच्या दिग्विजय पाटील यांच्याबरोबर मध्ययुगीन मराठी साहित्य, ओव्या, लोकगीतं धुंडाळली आणि त्यात कुठल्या ठिकाणी कुठली झाडं-गवतं सांगितली आहेत ते बघितलं. हिवरासारखी उघड्या माळावरची झाडं जागोजागी सापडली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातला माळ किमान साडेसातशे वर्षांपासून माळच आहे, कोणी जंगल तोडून केलेलं ते ओसाड रान नव्हे. मला हे फार आवडलं. एकीकडे झाडाची वर्तुळं मोजून ओकचं वय काढायचं, दुसरीकडे जात्यावरच्या ओवीतून माळाचं वय काढायचं. आपल्याकडे गवताला वर्तुळं नाहीत पण बायकांनी गाणी ठेवलीत.

आणि आपण त्या माळाचं काय केलं? सरकारी कागदावर तो वेस्टलँड. महाराष्ट्रात २०१६ ला दोन कोटी झाडांची मोहीम झाली, मग २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहेतीस कोटी, आकड्यांची ही चढण बघितली की शेल्टरबेल्टवालेसुद्धा लाजतील. एवढी झाडं लावायची कुठे? सह्याद्रीच्या जंगलात जागा नाही, शेतकरी शेत देणार नाही, मग उरतो कोण, तर माळ. जेसीबीने सलग चर खोदायचे, त्यात गिरिपुष्प लावायचं, ते मध्य अमेरिकेतलं झाड, फांदी रोवली तरी जगतं आणि फोटोत लवकर हिरवं दिसतं. काही वर्षं चराईबंदी, म्हणजे धनगरांच्या मेंढ्या बाहेर. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी, यांना उघडी जमीन लागते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं, आज तिथे तो दिसला तर बातमी होते. माळढोकाची इतरही दुखणी आहेत, विजेच्या तारा, शिकार, ऊस, सगळा दोष झाडांवर टाकणार नाही. पण ओक्लाहोमाच्या ओसेज काउंटीतल्या प्रेअरी चिकन या रानकोंबडीसारख्या पक्ष्याचीही हीच तक्रार आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला उभं झाड म्हणजे ससाण्याचं टेहळणीचं ठिकाण, एकरात एखाददुसरं झाड आलं तरी तो ती जागा सोडायला लागतो. आपण "दोन-चार झाडांनी काय बिघडतं" म्हणतो ते आपल्या मापाने.

आता यावरचे आक्षेप. कार्बनचा सगळ्यात मोठा, आणि तो प्रामाणिक आहे. झाड कार्बन धरतं हे खरंच. पण गवताळ जमिनीत कार्बन बहुतेक मुळांत आणि मातीत, म्हणजे जमिनीखाली असतो, आग लागली तरी तो तिथेच राहतो. सीडरच्या रानाला आग लागली की वर साठवलेलं एका दुपारी आकाशात. १४ मार्च २०२५ ला ओक्लाहोमात वादळी वाऱ्यात एकाच दिवसात शंभराहून जास्त आगी लागल्या, स्टिलवॉटरसारख्या विद्यापीठाच्या गावात कित्येक घरं जळाली. मुख्य कारण वारा, मान्य. पण तेलकट सीडर पेटला की निखारे किती लांब उडतात हे तिथले अग्निशमनवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत. २०१९ मध्ये जगभरात अजून ९० कोटी हेक्टरवर झाडं मावतील असा एक गाजलेला अभ्यास आला होता, सगळ्या पेपरांनी छापला, त्यात आफ्रिकेतले सव्हाना आणि असेच माळ धरले होते, म्हणून वेल्डमन आणि बऱ्याच जणांनी लगेच उत्तर लिहिलं. ते उत्तर कोणी फॉरवर्ड केलं नाही अर्थात.

दुसरा आक्षेप सावलीचा. ४० डिग्रीत पोरं शाळेतून चालत येतात, रस्त्यावर झाडं नकोत का? हवीत! रस्त्यावर लावा, पार्किंगमध्ये लावा, शाळेच्या पटांगणात लावा, जिथे आधीच डांबर ओतलंय तिथे कुठलं गवत मरणारे. पुण्यातही तसंच, सोसायटीत लावा, सिंहगड रोडवर लावा, सासवड-सुप्याच्या माळावर नको. हा फरक इतका सोपा आहे की तो करायचा नाही असं ठरवलं तरच चुकतो, आणि ठरवतात, कारण शहरात एक झाड जगवायला खर्च आणि कटकट फार, माळावर एका दिवसात दहा हजार लावून मोकळं होता येतं.

तिसरा आक्षेप धुराचा, इथे मी जरा अडखळतो. गवत आणि ओकचे पट्टे दोन्ही टिकवायचे तर आग परत आणावी लागेल, दुसरा रस्ता नाही, करवतीने सीडर कापणं महाग आहे आणि संपत नाही. ओक्लाहोमात शेतकऱ्यांनी शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बर्न असोसिएशन, म्हणजे रान जाळायचे संघ, केलेत, पंप, गवत पेटवायचे ड्रिप टॉर्च, पाण्याच्या टाक्या एकत्र घेतात आणि हिवाळ्यात एकमेकांची रानं जाळून देतात, आपल्याकडच्या सावड पद्धतीसारखं. ओसेज काउंटीतल्या टॉलग्रास प्रेअरी प्रिझर्व्हमध्ये, ती जागा नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने १९८९ ला घेतली आणि १९९३ ला तिथे ३०० बायसन सोडले, दर वर्षी वेगवेगळे तुकडे पेटवतात, बायसन आपोआप नव्या फुटव्याकडे सरकतात, जुना तुकडा उंच वाढतो, म्हणजे एकाच रानात आखूड, मध्यम, उंच तिन्ही प्रकारचं गवत मिळतं आणि प्रत्येक पक्ष्याला आपापलं. पण हे माणसं विरळ आहेत तिथे ठीक. फ्लॉवर माउंडच्या मध्यभागी दमा असलेल्या पोराच्या घराशेजारी जाळायचं म्हटलं की मी स्वतःसुद्धा मीटिंगला जाऊन प्रश्न विचारीन. तरी माझं मत जाळण्याच्याच बाजूचं आहे, कारण हिवाळ्यातल्या ठरवून लावलेल्या आगीचा धूर एक दिवस असतो, वारा बघून, आधी नोटीस देऊन, आणि न जाळता साठत गेलेल्या रानाची आग कधी येईल हे कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात हेच जसंच्या तसं करा असं मात्र मी म्हणणार नाही. तिथला माळ जास्त करून चराईवर पोसलाय, तिथे प्रश्न आगीचा कमी आणि मेंढ्या कधी, किती, कुठे याचा जास्त, आणि ते धनगरांना विचारायला हवं, डॅलसहून मी काय सांगणार. पुणे जिल्ह्यात वनखात्याने कडबनवाडी आणि गाडीखेलला गवताळ रानाची सफारी सुरू केली, तिकीट काढून लोक लांडगा बघायला जातात, माळाला तिकीट लागलं की निदान त्याला रिकामा म्हणणं बंद होईल.

करायचं काय, तर कुठलीही लागवड मंजूर करण्याआधी दोनच गोष्टी विचारा, खाली माती कुठली आणि दीडशे वर्षांपूर्वी इथे काय होतं. दोन्हीची उत्तरं फुकट मिळतात. अमेरिकेत मातीचे नकाशे सरकारने काउंटीवार ऑनलाइन ठेवलेत. आणि जुन्या सर्व्हेअरच्या वह्या आहेत, ते जमीन मोजताना कोपऱ्याला खूण म्हणून जवळचं झाड लिहायचे, अमुक जातीचं, इतक्या जाडीचं, इतक्या अंतरावर, आणि जिथे झाडच नव्हतं तिथे मातीचा ढिगारा करायचे आणि तसं लिहायचे. म्हणजे माळ कुठे होता ते ढिगाऱ्यांवरून कळतं. आपल्याकडे गावनकाशे आहेत, गायरान, कुरण अशी जुनी नोंद तलाठ्याकडे असते, ब्रिटिशांच्या काळापासून. कुरण म्हणून लिहिलेल्या गटावर चर खोदायला कोणी परवानगी मागितली तर त्याला आधी हा कागद दाखवायचा.

आणि आमच्या इथल्या सिटी कौन्सिलांकडे माझी मागणी एका ओळीची आहे. झाड तोडल्याचे जे मिटिगेशनचे पैसे जमतात त्यातले निम्मे गावातली उरलेली प्रेअरी विकत घ्यायला, तिथला सीडर काढायला आणि जमेल तिथे जाळायला वापरायची मुभा द्या, इंचाला इंच झाडच लावलं पाहिजे हा हट्ट सोडा. जुना पोस्ट ओक राखला तर त्याच्या मुळांच्या घेराइतक्या जागेत लॉन आणि स्प्रिंकलर बंद, हे एचओएच्या, म्हणजे वस्तीतल्या घरमालक संघटनेच्या, नियमात घाला. नर्सरीवाले विरोध करतील, लँडस्केपवाले करतील, एचओए तर करणारच कारण त्यांना उंच वाढलेलं गवत दिसलं की नोटीस पाठवायची सवय आहे. आमच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता या बोर्डांवर निवडून आलेत, तेव्हा निदान तिथे तरी हे मराठीत समजावून सांगता येईल.